चौकशीची मुदत

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण ज्याने काढली, त्याने कधी घर विकत घेऊन पाहिलं नसणार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला मराठी शिकवते आणि आमच्या साठेकरारातलं एक वाक्य पहिल्या पानावर सुरू झालं ते तिसऱ्या पानावर संपलं. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. माझ्या वर्गातल्या पोराने असं वाक्य लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पण घर मला हवं होतं. जव्हारच्या कडेला, रस्ता दरीकडे उतरायला लागतो तिथे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटी, मागे फणस. मागचं दार उघडलं की समोर नुसती दरी आणि तिच्यात वाळत चाललेलं भात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवऱ्याला, नितीनला, काही बोलले नाही. तो पंचायत समितीत कारकून आहे, त्याला माझं न बोलणं जास्त कळतं. तो म्हणाला, “म्हणजे घेतलंच म्हणायचं, प्रतिभा.”

सहाव्या वर्षी मला आश्रमशाळेत घातलं. आईबाप दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि पाऊस पडायच्या बेताला परतायचे. पोशेऱ्याला आमचं कुडाचं घर होतं, ते एका वर्षी आईबाप भट्टीवर असतानाच बसलं आणि पुन्हा उभं राहिलं नाही. मग माझं घर म्हणजे पत्र्याची पेटी. पेटीनंतर डी.एड.चं हॉस्टेल, हॉस्टेलनंतर भाड्याच्या खोल्या. एका घरमालकाने भिंतीला खिळा ठोकू दिला नाही, दुसऱ्याने सुकट भाजू दिली नाही. मला एक भिंत हवी होती, जिच्यात मी माझ्या मनाला येईल तिथे खिळा ठोकेन. यात हसण्यासारखं काही नाही. मला त्या घराची इतकी ओढ लागली होती की शाळेतून येताना मी वाट वाकडी करून त्याच्यासमोरून यायचे.

घर विकणारा सुदर्शन नाशिकला बँकेत होता. त्याचे वडील भिका जंगलखात्यात गार्ड होते, घर त्यांनी बांधलेलं. आईवडील दोघेही गेलेले. तोही आदिवासी, आम्हीही आदिवासी, त्यामुळे कलेक्टरच्या परवानगीचा फेरा नव्हता. इसार दिला, साठेकरार झाला, आणि त्यात एक कलम होतं: खरेदी घेणाऱ्याने मुदतीत मिळकतीच्या निर्वेध मालकीची खात्री करून घ्यावी. मुदत दिवाळीपर्यंत.

“ही मुदत कशाला असते?” आमच्या वकीलबाई योगिता यांनी आम्हालाच विचारलं. वयाने माझ्याहून लहान, पण प्रश्न माझ्यासारखाच विचारतात, उत्तर येत नसणार हे गृहीत धरून.

“कर्ज मंजूर व्हायला,” नितीन म्हणाला.

“भिंतीला ओल आहे का ते बघायला,” मी म्हणाले.

“ते तर बघाच. पण ही मुदत शंका घ्यायला असते,” योगिता म्हणाल्या. “निर्वेध म्हणजे उद्या कुणी उठून ‘हे माझं’ म्हणणार नाही. बोजा नाही म्हणजे घरावर कुणाचं कर्ज नाही, गहाण नाही. ते मी जुन्या नोंदी काढून बघते. पेपरात जाहीर नोटीसही देऊ, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. मुदतीत काही निघालं तर व्यवहार मोडता येतो, इसार परत मागता येतो. मुदत संपली की निघेल ते तुमच्या गळ्यात.”

“शंका घ्यायला करार लागतो होय?” नितीन म्हणाला. “आमच्या घरी ही सोय कायमची आहे.”

नोंदी स्वच्छ निघाल्या. वारस म्हणून एकट्या सुदर्शनचं नाव. नोटीस छापून आली, हरकत आली नाही. येणार कुठून? आमच्याकडे वाड्यापाड्यांवर पेपर कोण वाचतो? आमच्यात घर घ्यायचं तर तोंडाने सांगतात. शेजारच्या ओटीवर बसायचं, चहा घ्यायचा आणि म्हणायचं, हे घर मी घेतेय, कुणाचं काही असेल तर आत्ता बोला. कागद झाले तरी मला ते केल्याशिवाय चैन पडेना. म्हणून शेजारी धोंडीबाईच्या ओटीवर जाऊन बसले.

धोंडीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सरूला सांगलंस का?”

“कोण सरू?”

“भिकाची पोर. सुदर्शनची बहीन. वांगणीला दिलीय... दिली कसली, गेली. आठ वर्सं झाली, बुधासंगं पळून गेली. बाप बोलला, दारात पाय ठेवायचा नाय.”

मी घरी आले ती सरळ पाण्याचा तांब्या घेऊन बसले. खोटं कशाला बोलू, पहिला विचार हाच आला की धोंडीबाईकडे जायची अवदसा मला का आठवली. नोंदीत नाव नाही, नोटिशीला उत्तर नाही, मूग गिळून बसले असते तर दिवाळीत घर माझं होतं. पण आता ऐकलं होतं. कानाला मुदत नसते.

योगिता म्हणाल्या, “चांगलं केलंत आणि वाईटही केलंत. आता माहीत असून नाही म्हणता येणार नाही. तिचाही हक्क लागतो. एक तर तिने खरेदीखतावर भावासोबत सही करावी आणि किमतीतला वाटा घ्यावा. नाहीतर हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा भावाला सोडून द्यावा. दोन्हींतलं काहीच नाही झालं तर व्यवहार मोडा, मी खरेदी करू देणार नाही.”

सुदर्शनला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, ती आमची राहिलेली नाही. तुम्हाला शोधायला कुणी सांगितलं?”

“तुमच्या करारानेच सांगितलंय,” मी म्हणाले. “दुसऱ्या पानावर बघा.”

तो भांडेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, “मग तुम्हीच बघा काय ते,” आणि फोन ठेवला.

मी बघायला निघाले. घराचं बोलायला रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून नारळ घेतला आणि बाजारातून एक हिरवी साडी. वाघबारस, आमच्या दिवाळीचा पहिला दिवस, दोन दिवसांवर होती. जीपने वावर गावापर्यंत गेले, पुढे खडीचा रस्ता, तोही अर्ध्यावर संपलेला. वांगणीत कापणी चालली होती. बुधाचं घर विचारलं तर बाया माझ्या पिशवीकडे बघून हसायला लागल्या आणि एकीने शेताकडे तोंड करून जोरात हाक मारली.

सरू भाताच्या बांधावरून धावत आली. माझ्याच वयाची, उन्हाने रापलेली, हातात विळा तसाच. तिने माझ्याकडे बघितलं, पिशवीतून वर आलेल्या नारळाकडे बघितलं, आणि विळा खाली टाकला.

“दादानी धाडलं,” ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. “माला ठावं होतं. आवंदा येल म्हनून. बस बाय, बस, च्या ठेवते.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिवाळीच्या तोंडावर सासरवाशिणीला माहेरी न्यायला जे माणूस येतं त्याला मूळ म्हणतात, हे मी पोरांना शिकवते. पण हॉस्टेलात वाढलेल्या मुलीला मूळ कसं येतं, त्याच्या हातात काय असतं, हे कोण दाखवणार? मी नारळ आणि साडी घेऊन, वाघबारशीच्या तोंडावर, जव्हारहून वांगणीत उतरले होते. दुसरा काय अर्थ होणार होता?

मी तोंड उघडलं. तोवर सरूने शेतात कापणी करणाऱ्या बुधाला ओरडून सांगितलं होतं, “माला न्याया आलंय!” बुधा कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मान हलवली. “जा. कापनी मी बघतो.” शेजारणी दारात आल्या. सरू प्रत्येकीला सांगत होती. आठ दिवाळ्या ती वाट बघत होती आणि या आठही दिवाळ्या या बायांनी बघितल्या होत्या. मूळ आल्याशिवाय लेकीने माहेरी जाऊ नये अशी आमच्यात रीत. आपणहून गेली तर तिची किंमत जाते.

आश्रमशाळेत दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही मुली फाटकाशी पेट्या घेऊन बसायचो. एकेकीचा बाप यायचा, नाव पुकारलं जायचं. माझे आईबाप काही वर्षं मुकादमाच्या घाईने आधीच भट्टीवर निघून गेलेले असायचे. संध्याकाळी बाई यायच्या आणि म्हणायच्या, चल, पेटी आत घे. सरूच्या अंगणात उभी असताना मला ते सगळं आठवलं. तिला तिच्या शेजारणींसमोर ‘पेटी आत घे’ म्हणायचं माझ्याच्याने झालं नाही.

तिने नागलीचं पीठ बांधलं, नवे वाल बांधले, वेलीवरची एक भली मोठी काकडी घेतली आणि मी आणलेली साडी नेसून माझ्यापुढे चालायला लागली. वाटभर बोलत होती. फणसाला अजून लागतात का? मागच्या दाराची कडी आईच्या हातून मोडली होती ती दादाने बसवली का? वहिनी बोलायला कशी आहे? वहिनीला वाल आवडतात ना? मी हो, नाही, हूं करत होते.

वावरला जीपची वाट बघत बसलो तेव्हा मी सांगितलं. अडखळत, पण सगळं. दादा नाशिकला आहे, घर बंद आहे, ते मी विकत घेतेय, मला तिची सही हवी आहे. मला दादाने नाही धाडलं.

ती काकडी मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ ती काकडीवरची माती बोटाने काढत राहिली.

“परत सोडू तुला?” मी विचारलं. “मी येते घरापर्यंत. शेजारणींना काहीतरी सांगू.”

“काय सांगशील?” ती म्हणाली.

जीप आली. माणसं खचाखच. मी जागेवरून हलले नाही. सरू उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आत शिरली. “ये ना,” ती मलाच म्हणाली. “मूळ आल्यावर घरला परत फिरत नसतात.”

घर बघायला म्हणून सुदर्शनने किल्ली माझ्याकडे ठेवली होती. दार मी उघडलं आणि बाजूला झाले. सरू उंबऱ्यावर थांबली. मग आत गेली आणि भिंतींना हात लावत सगळ्या खोल्यांतून फिरली. मागच्या दाराची कडी अजून मोडकीच होती, तार बांधलेली. ती बघून ती रडली. इतका वेळ रडली नव्हती, कडी बघून रडली. मी ओटीवर जाऊन बसले, कारण मलाही आवरेना.

नंतर तिने केर काढला, फणसाखाली तीन दगड मांडून चूल पेटवली, नागलीच्या भाकरी केल्या आणि वाल शिजवले. ऑफिस सुटल्यावर नितीन आला तो ताटावरच बसला. “दादा, आणखी वाढू?” सरूने त्याला विचारलं. नितीनने लाजून आणखी एक भाकरी घेतली. आम्ही तिघं त्या रिकाम्या घरात जेवलो आणि मला वाटलं, हे असंच राहावं, पुढचं काही होऊच नये.

पण मुदत संपत आली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला योगितांनी सांगितलेले दोन्ही मार्ग समजावले. खरेदीखतावर भावासोबत सही कर आणि वाटा घे. मी वाट्यावरच जोर देत होते. “तुझा आहे तो. कुणाची मेहेरबानी नाही. घे आणि वांगणीला पक्कं घर बांध.”

“दुसरं काय म्हनलीस? सोडायचं कागद?”

“हक्कसोड. त्यात तुला काहीच मिळत नाही. फुकट सही.”

“तेच करते.”

मी भडकले. मला राग लवकर येतो आणि वेडेपणाचा तर जास्तच येतो. म्हटलं, “तुला कळतंय का? ज्याने तुला आठ वर्षं विचारलं नाही, वारसात तुझं नाव घातलं नाही, त्याला फुकट देतेस?”

ती शांतपणे म्हणाली, “वाटा घेतला तर भाऊ तुटतो, बाय. हिसाब झाला, संपलं. नाय घेतला तर त्याच्यावर माझं काय तरी राहील. कवा तरी याद येल त्याला.”

खरं सांगते. तिने हक्कसोड म्हटल्यावर माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात सुटल्यासारखं वाटलं, की आता सुदर्शन अडवणार नाही, घर मिळणार. तो कोपरा माझाच होता.

सुदर्शनला फोन करून यायला सांगितलं. त्याने विचारलं, “कुठे आहे ती?”

“घरात. केर काढतेय.”

तो म्हणाला, “सकाळच्या गाडीने येतो.”

निबंधक कार्यालयात भाऊ-बहीण आठ वर्षांनी समोरासमोर आले. तो इस्त्रीचा शर्ट घालून, ती हिरव्या साडीत. “बरी आहेस?” तो म्हणाला. “बरी हाये,” ती म्हणाली. काकडी ती पिशवीतून सोबत घेऊन आली होती, ती तिने त्याला दिली. त्याने घेतली आणि कुठे ठेवावी ते न कळून बाकाखाली ठेवली. मला त्याला हलवून सांगावंसं वाटत होतं, अरे, म्हण तिला चल नाशिकला, एवढंच म्हण. नितीनने माझा दंड धरून ठेवला होता.

योगितांनी कागद वाचून दाखवला. सदर मिळकतीत माझा वा माझ्या वारसांचा कसलाही हक्क, हितसंबंध उरलेला नाही, मी कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने. “ताई, कळलं का? काही विचारायचंय?”

सरूने सुदर्शनकडे बघितलं. “दादाला कळलं का, मी काय घेतलं नाय ते?”

“कळलं,” सुदर्शन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. पण घड्याळाकडेही बघितलं त्याने, नाशिकची गाडी होती. सरूने सावकाश, सातवीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात सही केली. त्यामागोमाग खरेदीखत झालं.

सुदर्शन गेल्यावर बाकाखालची काकडी नितीनच्या पायाला लागली. आम्ही तिघांनी ती बघितली. सरूनेच वाकून उचलली आणि माझ्या हातात दिली. “विसरला असंल,” ती म्हणाली. “तू ठेव.”

जीपपाशी मी तिला म्हटलं, “पुढच्या दिवाळीला मी येते तुला न्यायला. घर तेच आहे. मी आहे ना.”

ती पहिल्यांदा मनापासून हसली. “मूळ भाऊ धाडतो, बाय. घर घेतलंस तू. भाऊ थोडाच घेतलास?”

वर्षभर मी त्या घरात राहिले. हवे तिथे खिळे ठोकले. सुकट भाजली. मागच्या दाराला नवी कडी बसवली. कागदोपत्री घर निर्वेध, बोजा नाही, सगळं स्वच्छ. तरी संध्याकाळी ओटीवर बसले की वाटायचं, या घरात कुणीतरी यायचं राहिलंय. ज्या घराला माहेर म्हणणारं कुणी नाही, ते नुसतं राहायचं ठिकाण. मला घर हवं होतं म्हणजे नेमकं काय हवं होतं, ते मला घर मिळाल्यावर कळलं.

या दिवाळीला मी नितीनला तयार केलं. भाऊच लागतो ना, तर तू हो भाऊ. तिने तुला दादा म्हटलंय, भाकरी वाढलीय. नारळ, साडी, बुधाला शर्ट, सगळं देऊन त्याला पहाटेच्या जीपला बसवलं. मग मी वालाची उसळ केली, रांगोळी काढली आणि दुपारपासून फाटकात उभी राहिले.

नितीन एकटाच उतरला. हातातली पिशवी तशीच.

“भेटली नाही?”

“भेटली. धावतच आली बांधावरून. तिने विचारलं, दादाने धाडलं का?”

“मग?”

“मी म्हटलं, नाही, प्रतिभाने धाडलं. चहा दिला तिने. म्हणाली, बाईला सांगा, कापणी आहे.”

मी फाटकाला धरून उभी राहिले. एरवी मी त्याला सोडलं नसतं. एक शब्द, एक हो, तेवढंच तर म्हणायचं होतं. पण नितीन खोटं बोलत नाही. लग्न ठरताना मला त्याची हीच गोष्ट आवडली होती.